चौऱ्याण्णव

ऑफिसात त्यांना बचतराव म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायला कोण वाकतंय! विजेचा एक कण वाया गेला तरी या माणसाच्या पोटात दुखायचं. बॅटरीवर चालणारं कुठलंही यंत्र त्यांच्या हातात द्या, चार दिवस त्याच्याशी झोंबत बसणार आणि पाचव्या दिवशी बॅटरी दीडपट टिकवून दाखवणार. चाळिशी उलटली, केस गेले, बायको तर त्याच्याही आधी गेली, पण हे कसब काही गेलं नाही. अशा माणसांबद्दल 'तसा मनानं वाईट नव्हता' असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. तुम्ही ऐका आणि काय ते ठरवा.

कंपनी एक यंत्र बनवायची. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशा म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवायचं. बोटाला चिमटा लावला की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते पडद्यावर दिसतं. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव असलं की ठीक. नव्वदच्या खाली गेलं की यंत्र कोकलायला लागतं, मग घरच्यांनी धावत यायचं आणि शेजारी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राचा जोर वाढवायचा. बस, एवढंच. पण या एवढ्याच्या भरवशावर घरचे लोक अंघोळीला जात, भाजी आणायला जात, घटकाभर डोळा लागू देत.

यंत्राच्या पोटात दोन तुकडे असतात. एक मुख्य बोर्ड आणि दुसरं सेन्सरचं कार्ड. दोघांमधला जो रस्ता, ती लिंक. आता गंमत बघा, या लिंकवरून काही जात-येत नसलं तरी ती नुसती जागी ठेवायलाच वीज लागते, आणि थोडीथोडकी नाही, निम्मी बॅटरी तीच खाते. म्हणून काम नसलं की लिंकला झोपवायचं. आधी डुलकी, मग गाढ झोप. गाढ झोपेला ही मंडळी एल-वन म्हणतात. कधी झोपवायचं, कधी उठवायचं, उठली का नाही, हे सगळं बघतो तो ड्रायव्हर. म्हणजे यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल, त्यात बसलेला आणि त्या एका कार्डाचीच राखण करणारा कोडचा तुकडा. तो बचतरावांनी लिहिला होता.

पाच मिनिटं कुणी यंत्राची कळ दाबली नाही आणि आकडाही फार हलला नाही, की ड्रायव्हर लिंकला एल-वनमध्ये टाकायचा. मग दर अर्ध्या मिनिटाला तिला क्षणभर उठवायचं, आकडा घ्यायचा, पुन्हा झोपवायचं. नऊ तासांची बॅटरी अठरा तास चालायला लागली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'अठरा तास'. साहेबांनी सगळ्यांदेखत बचतरावांची पाठ थोपटली आणि ते लाजून लालेलाल झाले.

त्या कोडमध्ये एक जागा होती. लिंकला उठवलं आणि ती वेळेत उठलीच नाही, तर काय करायचं? यंत्रानं बोंब ठोकायची का? तशी ठोकली तर उगाच लोक घाबरणार, तक्रारी येणार. बचतरावांनी विचार केला आणि लिहिलं की नाही उठली तर मागचाच आकडा दाखव, पुढच्या खेपेला बघू. तीन ओळी होत्या. लिहिताना त्यांना त्या फार समजूतदार वाटल्या होत्या.

बचतराव बसत त्याच खोलीत काकू बसायच्या. बावन्न वर्षांच्या, जाड काचांचा चष्मा, टेबलावर कायम एक जाडजूड वही. त्यांना काकू म्हटलेलं आवडायचं नाही, म्हणून तर सगळे म्हणायचे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यांच्याकडे यायच्या. एका घरातून चिठ्ठी आली. मुलानं लिहिलं होतं, 'वडील गेले. आम्ही आलो तेव्हा अंग गार पडलं होतं आणि पडद्यावर चौऱ्याण्णव दिसत होतं. हे कसं, एवढंच सांगा.'

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "चिमटा कुणीतरी स्वतःच्या बोटाला लावला असेल."

"कुणी लावेल, साहेब? प्रेताजवळ बसून?"

"काकू, म्हातारे मरतात. आपलं यंत्र मोजतं, अमर करत नाही."

खोलीत हशा पिकला. बचतरावही हसले. आता साहेबांच्या विनोदाला हसायचं नाही तर कुणाच्या?

पण काकूंनी पिच्छा सोडला नाही. पंधरा दिवसांत तशाच आणखी दोन चिठ्ठ्या आल्या. त्यांनी वहीत आकडेमोड केली आणि साहेबांना सांगितलं की कार्ड झोपेतून कधीतरी उठतच नाही, हजारो वेळांतून एखाद्या वेळी, पण एकदा नाही उठलं की मग नाहीच उठत. साहेब म्हणाले, दाखवा. चाचणीच्या टेबलावरचं यंत्र मोठ्या खोलीत नेलं, काकूंनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि सगळे बघत बसले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. त्र्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. आकडा कसा मस्त हलत होता.

"काकू, तुमची तब्येत उत्तम आहे," साहेब म्हणाले. "अभिनंदन."

आठवड्यानं दुसऱ्यांदा दाखवलं. तेव्हा दोन यंत्रं आणली आणि दोन तास बसले. काही नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "काकूंनाच एल-वनमध्ये टाका." त्या दिवशी काकूंनी चिमटा काढला तेव्हा त्यांचं बोट पांढरं पडलं होतं आणि चष्म्यामागे डोळे भरून आले होते. त्यांनी वही उचलली आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

दोष कुठे होता ते बचतरावांना नंतर चारच दिवसांनी कळलं, आणि तेही अगदी फुकट. दुपारी सगळे जेवायला गेले होते. त्यांना एक वायर हवी होती. चाचणीच्या टेबलावर ओळीनं चाळीस यंत्रं होती आणि प्रत्येकाला एक काळी वायर होती. यंत्र आत काय करतंय याच्या नोंदी त्या वायरीतून क्षणाक्षणाला बाहेर येत आणि साठवल्या जात. त्याशिवाय चाचणी करायचीच नाही असा खोलीचा दंडकच होता. बचतरावांनी एका यंत्राची वायर उपसली आणि आपल्या कामाला नेली. सहज चाळा म्हणून बोट त्या यंत्राच्या चिमट्यात घातलं, दुसऱ्या हातानं पोळीभाजीचा डबा संपवला, मग बोट काढून हात धुवायला गेले. परत आले तर चिमटा टेबलावर नुसता पडलेला. आणि पडद्यावर चौऱ्याण्णव.

टेबलाच्या लाकडाचा ऑक्सिजन चौऱ्याण्णव!

ते मिनिटभर बघत राहिले. पाच मिनिटं बघत राहिले. आकडा ढिम्म. मग त्यांनी वायर परत खोचली, त्या झटक्यानं कार्ड जागं झालं आणि यंत्र त्याच क्षणी किंचाळलं, 'बोट नाही, बोट नाही'.

एकदम लख्ख उजेड पडला. वायरीची खाच सेन्सरच्या कार्डावरच होती. म्हणजे प्रत्येक नोंद त्या लिंकवरूनच जायची. म्हणजे वायर लावलेल्या यंत्रात लिंकला कधी निवांतपणा मिळतच नव्हता, ती एल-वनमध्ये कधी गेलीच नव्हती. चाळीस यंत्रं तीन महिने तपासली आणि एकदाही ती झोपली नव्हती, मग उठायचा प्रश्न येतोच कुठे! आणि गिऱ्हाइकांच्या घरी वायर नसते. तिथे ती झोपते. आणि कधीतरी उठत नाही, आणि मग ते तीन समजूतदार ओळींचं शहाणपण कामाला लागतं. मागचाच आकडा दाखव.

बचतराव साहेबांना सांगायला दाराकडे निघाले. हे खरं आहे, मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही. पण मग जिन्यात जेवून येणाऱ्यांची पावलं वाजली, आणि त्या दहा-वीस पावलांत त्यांनी सगळा हिशेब केला. गाढ झोप बंद केली की बॅटरी पुन्हा नऊ तास. खोक्यावर अठरा. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि साहेब त्यांच्याकडे बघून हसायला लागले होते. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी निघणार होती, तेव्हा गुपचूप दुरुस्ती सारून देऊ, कुणाला काय कळतंय? त्यांनी किंचाळणारं यंत्र बंद केलं आणि जागेवर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी काकू त्यांच्या टेबलाजवळ आल्या.

"बचतराव, तुमच्याएवढा हा कोड कुणाला माहीत नाही. माझं काहीतरी नजरेआड होतंय. काय होतंय, सांगा ना."

"काकू, तुम्ही दमला आहात," बचतराव म्हणाले. "चार दिवस सुट्टी घ्या."

"शेवटचं एकदा दाखवणार आहे. मदत कराल?"

"करेन की. त्यात काय!"

आणि केली हो त्यांनी मदत. तिसऱ्या वेळी काकू गिऱ्हाइकाला द्यायचं नवं कोरं यंत्र घेऊन आल्या होत्या, खोक्यातून काढलेलं, वायर नसलेलं. बचतराव उठले, आपल्या हातानं काळी वायर आणली आणि खाचेत खोचली. "नोंदी तरी राहतील, काकू. उद्या कुणी म्हणायला नको." काकूंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. "थँक यू. तुम्ही एकटेच माणसासारखे वागता इथे."

चार तास यंत्र नीट चाललं. पुढच्या महिन्यात काकूंना घरी बसवलं. निरोप द्यायला कुणी उठलं नाही. वही मात्र त्यांनी बरोबर नेली.

हे झालं तेव्हा बचतरावांची आई धडधाकट होती. म्हणजे तोंडानं तरी होतीच. सात महिन्यांनी तिच्या फुप्फुसांनी मान टाकली. ती इस्पितळातून घरी आली ती नाकात नळी घेऊनच, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उशाशी आकडा दाखवणारं यंत्र हवं. "हवं म्हणजे?" आई धाप लागलेली असतानाही गरजली. "माझ्या सोन्यानं केलेलं यंत्र असताना दुसऱ्या कुणाचं घरात येईल? येऊच देत नाही!"

दुसऱ्या कंपनीचं आणावं असं बचतरावांच्या जिभेवर आलं होतं. पण ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण शेजारी उभी, डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या, आणि आईच्या तोंडावर एवढा अभिमान. काय सांगणार? यंत्र आलं.

पुढची आवृत्ती निघाली नव्हती. निघणार निघणार म्हणत लांबली होती. यंत्रात घरच्या घरी दुरुस्ती घालायची सोय नव्हती, कंपनीच्या शिक्क्याशिवाय ते दुसरा कोड घेतच नाही, आणि शिक्का मारायचा तर कोणी, काय, कशासाठी बदललं हे लिहावं लागतं. मग बचतरावांनी दुसरं केलं. ऑफिसातून एक काळी वायर खिशात घालून आणली, एक टोक यंत्राला लावलं, दुसरं एका जुन्या लॅपटॉपला. नोंदी सुरू झाल्या. लिंक जागी राहिली. गावभरच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी ती झोपत होती, फक्त यांच्या आईच्या उशाशी जागी होती.

"ही काळी शेपटी कशाला रे?" आईनं विचारलं.

"तुझ्यासाठी खास आहे."

"खास? बघ हो," ती ताईला म्हणाली. "आणि शाळेत मला कधी चाळीसच्या वर मार्क पडले नाहीत, आता बघ, रोज नव्वदच्या वर!"

असे दोन महिने बरे गेले. सकाळी ऑफिस, संध्याकाळी आई. ताई स्वतःचं घर सोडून येऊन राहिली होती. घरात आल्यावर बचतराव आधी आईकडे बघत नसत, वायरीकडे बघत. ताईला वाटे, किती जीव आहे याचा यंत्रावर!

मग एक दिवस सकाळी नऊ वाजता बेल वाजली. घरोघरी जाऊन यंत्रं तपासायचं काम कंपनीनं एका कंत्राटदाराला दिलं होतं. त्याचा माणूस येणार असं पत्र आलं होतं, पण दारात उभ्या होत्या काकू. खांद्याला पिशवी, तोच जाड चष्मा. जिने चढून त्या दमल्या होत्या.

दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही. बचतरावांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांना अकराला निघायचं होतं, त्याच दिवशी दुपारी सभागृहात विभागप्रमुखाचं नाव जाहीर होणार होतं आणि ते कोणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

काकूंनी चिमटा तपासला, बॅटरी तपासली, आईशी दोन शब्द बोलल्या. मग त्यांचा हात वायरीपाशी थांबला.

"ही कसली?"

"ती होय!" आई खुशीत म्हणाली. "ती माझ्या मुलानं खास लावलीये. त्यानंच केलंय हो हे यंत्र. दुसऱ्या कुणाच्या यंत्राला अशी वायर नाही, फक्त माझ्या."

काकू वाकलेल्या होत्या त्या तशाच राहिल्या. त्यांनी वायर बोटांनी धरली आणि खाचेपर्यंत नेली, खाच कुठल्या कार्डावर आहे ते बघितलं, मग लॅपटॉपवर सरकणाऱ्या ओळी बघितल्या. बचतराव दाराशी उभे राहून ते सगळं बघत होते. काकूंचे ओठ हलले, जणू वहीतली जुनी आकडेमोड पुन्हा करत होत्या. आणि मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे वळल्या. त्यांना सगळं कळलं होतं. तिसऱ्या वेळची वायर कोणी आणून खोचली तेसुद्धा.

"माणसासारखे," त्या म्हणाल्या. एवढंच.

ताईला काही उमजेना. ती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

काकूंनी पिशवीतून कागद काढला. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "नियमाप्रमाणे यंत्राला जास्तीची वायर चालत नाही. काढावी लागते. पण तशी गरज असेल तर ठेवता येते. इथे कारण लिहायचं. घरच्यांनी लिहायचं आणि सही करायची. हा कागद कंपनीत जातो." त्यांनी पेन पुढे केलं. "लिहा. एक ओळ पुरे. मी लिहिलं तर कोण मानतंय? तुम्ही लिहिलं तर मानतील."

बचतरावांनी पेन घेतलं. इथे जरा थांबा. त्या माणसाला काय लिहायचं होतं? एक ओळ. ती लिहिली की उद्या सगळ्या यंत्रांची गाढ झोप बंद, सगळे म्हातारे वाचले, आई वाचली, काकूंच्या माथ्यावरचा डाग पुसला. आणि दुपारचं सभागृह गेलं. गळ्यातलं ओळखपत्रही बहुतेक गेलंच. आई उशीवरून कौतुकानं बघत होती. ताई बघत होती.

"गरज आहे का वायरीची?" काकूंनी विचारलं.

"नाही," बचतराव म्हणाले.

"नक्की?"

"चुकून राहिली असेल. काढा तुम्ही."

"आईंच्या समोर विचारतेय. नक्की काढू?"

"काकू, तुम्ही तुमचं काम करा ना."

त्यांनी 'गरज नाही' असं लिहिलं आणि सही ठोकली. काकूंनी वायर उपसली, गुंडाळली, पिशवीत टाकली. दाराशी जाऊन त्या परत आल्या आणि ताईचा दंड धरून म्हणाल्या, "ताई, आकड्यावर विसंबू नका. त्यांच्या छातीकडे बघत जा. सारखं बघत जा. हे यंत्र खोटं बोलतं."

त्या जिना उतरल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाल्या रे त्या? खोटं बोलतं म्हणजे?"

"अगं, तिला आमच्याकडून काढून टाकलंय," बचतराव म्हणाले, आणि हसलेसुद्धा. "डोक्यावर परिणाम झालाय जरा. घरोघर हेच सांगत फिरते. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"असं होय! बिचारी," ताई म्हणाली. आणि तिच्या जिवात जीव आला.

दुसरी वायर ऑफिसात त्यांच्या खणात होती. जायचं, टाळ्या घ्यायच्या, वायर खिशात घालायची, पाचपर्यंत परत. प्रश्न होता तो मधल्या सहा तासांचा. बचतरावांनी ताईला यंत्राची कळ दाखवली. कळ दाबली की लिंक जागी होते आणि पुढची पाच मिनिटं तरी गाढ झोपत नाही. हे त्यांना माहीत होतं, तिला कशाला माहीत असायला हवं?

"दर चार मिनिटांनी ही दाबायची. विसरायचं नाही."

"का बरं?"

"बॅटरीसाठी बरं असतं."

"दर चार मिनिटांनी? मी स्वयंपाक कधी करू, हिला भरवू कधी?"

"ताई, आजच्या दिवस कर ना माझ्यासाठी. एवढं ऐक."

"बरं बाबा, दाबते. जा तू. विभागप्रमुख!" ताईनं त्यांची कॉलर नीट केली. आईनं उशीवरूनच हात हलवला. निघताना पडद्यावर पंच्याण्णव होतं.

बाराला त्यांनी फोन केला. "दाबतेय रे," ताई म्हणाली. "बोटाला घट्टे पडतील आता." एकला केला. "दाबतेय म्हटलं ना! आईला भरवतेय, ठेव." दोन वाजता सभागृहात फोन बंद ठेवायला सांगितलं. बचतराव पहिल्या रांगेत बसले होते. साहेब बोलायला उभे राहिले. नऊचे अठरा तास कुणी केले, हे त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. विजेचा कण वाया जाऊ न देणारा माणूस, असं म्हणाले. एक चित्रफीत दाखवली, तिच्यात एक म्हातारी आणि तिच्या उशाशी यंत्र, आणि म्हातारी हसतेय. बचतराव घड्याळाकडे बघत होते आणि चार-चार मिनिटं मोजत होते. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर आपोआप दाबला जात होता. शेजारच्यानं विचारलंसुद्धा, "एवढे कसले घाबरलात?"

मग नाव पुकारलं. लोक उभे राहिले. साहेबांनी मिठी मारली, फोटो काढले, चार शब्द बोला म्हणाले. बचतराव बोलले. काय बोलले ते त्यांना आठवत नाही, पण लोक दोनदा हसले. साडेतीन वाजता त्यांना मंचावरून उतरता आलं. ते थेट खणाकडे गेले, वायर खिशात घातली आणि जिन्यात उभं राहून फोन लावला. सहा वेळा वाजल्यावर ताईनं उचलला. तिचा आवाज दबका होता.

"झालं का रे? मिळालं?"

"मिळालं. आई कशी आहे? कळ दाबतेयस ना?"

"हळू बोल. अरे, किती दिवसांनी अशी गाढ झोप लागलीये तिला. जेवली आणि झोपली. ती कळ दाबली की टूं करून वाजतं, आणि ती दचकते. दोनदा दचकली बिचारी. मग म्हटलं राहू दे, बॅटरी काय, आज ना उद्या नवी येईल. मी दाबायची थांबवली."

"किती वेळ झाला?"

"दीडच्या सुमारास झोपली. पण तू उगाच काळजी करतोस. मी आपली इथेच बसलेय भाजी निवडत, सारखी पडद्याकडे बघतेय. एरवी तिचा आकडा कसा नाचत असतो, आज एकदासुद्धा वर नाही की खाली नाही. दोन तास झाले, चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव."

वरून जिन्यात टाळ्यांचा आवाज येत होता. कुणीतरी त्यांना शोधत हाका मारत होतं.

"ताई," बचतराव म्हणाले, "आईच्या अंगाला हात लाव."

"आता कशाला उठवू तिला?" ताई म्हणाली.